तिसाव्या किलोमीटरनंतर

मी कवळ्या बनवते. घराच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, एक छोटं घासायचं मशीन आणि खिडकीपाशी ओळीने वाळत ठेवलेले लोकांचे जबडे. नवरा बस चालवतो, म्हणजे दिवसभर बाहेर. घरात उरतो आम्ही तिघे: मी, ते मुके जबडे आणि सासूबाई. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमच्या दोघींचं बोलणं "गॅस बंद केलास का?" आणि "हो, आई" याच्या पुढे गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा विषय लागतो, आणि तोच आमच्याकडे नव्हता.

तो यंदाच्या वर्षाच्या सुरुवातीला मिळाला, ऐन थंडीत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागेल अशा खोलीत ठेवा. ऊन येतं फक्त माझ्या कामाच्या खोलीत. मग त्यांची कॉट तिथे आली आणि कॉटमागोमाग टीव्हीही आला. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, सगळी नोकरी तिथेच. बसून राहायची सवय होती त्यांना, गप्प बसायची नव्हती. कॉटवर पडल्या पडल्या चॅनल बदलत राहायच्या आणि प्रत्येक चॅनलला नावं ठेवायच्या.

एका दुपारी चॅनल बदलता बदलता त्यांचा हात थांबला. पडद्यावर बायका चिखलातून पळत होत्या. चढ, उतार, पुन्हा चढ. क्रॉसकंट्रीची शर्यत होती. कपडे, तोंड, केस, सगळं मातीने माखलेलं.

"ह्यांच्या मागे कोण लागलंय?" सासूबाई म्हणाल्या.

"कोणी नाही. शर्यत आहे, आई."

"आणि ही काटकुळी बघ. टिटवीसारखी पळतेय."

खरंच. लांब बारीक पाय, मान ताठ, पावलं अशी भराभर की जमिनीला टेकतात की नाही कळू नये. टिटवी त्या क्षणी पुढच्या घोळक्यात होती. एका वळणावर तिचा बूट चिखलात रुतला आणि तिथेच राहिला. पाय तेवढा बाहेर आला. आता थांबेल, असं मला वाटलं. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही. एक पाय बुटात, एक अनवाणी, अशी ती पळत राहिली. भराभर मागे पडली, कितव्या तरी नंबरावर आली, रेषा ओलांडली आणि हसली!

"हसतेय बघ, वेडी," सासूबाई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, मी मेण तापवत असताना, "परत कधी आहे गं हिचं?"

मी मोबाइलवर शोधलं. तिथून आमचं वर्ष सुरू झालं.

ज्यांना हे वेड नाही त्यांना कसं सांगावं? माझा नवरा म्हणतो, "गोल गोल फिरतात आणि शेवटी निघाले तिथेच येतात. मी रोज बस घेऊन तेच करतो, मला कोणी टाळ्या वाजवत नाही." वसंतात दहा हजार मीटरची पहिली शर्यत लागली तेव्हा सासूबाईंनाही तसंच वाटलं होतं.

"किती फेऱ्या?"

"पंचवीस."

"पंचवीस! आणि मध्ये काय होतं?"

"मध्ये काही होत नाही."

पण होतं. तेच तर शिकलो आम्ही वर्षभर. बघायला शिकलं की मधेच सगळं होतं. एकीचे खांदे हळूच वर चढायला लागतात, म्हणजे ती दमली. एकजण सारखी बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणजे तिला कोंडल्यासारखं वाटतंय. पुढची एखादी फेरी मुद्दाम संथ नेते, आणि मागच्या सगळ्या जणी तिच्यावर मनातल्या मनात चिडतात. सासूबाईंना हे माझ्याआधी दिसायला लागलं. "लाइनवरचा माणूस काय बोलतो त्यापेक्षा श्वास कसा घेतो ते ऐकायचं," त्या म्हणायच्या. "ती निळी बघ. फार तर तीन फेऱ्या." आणि निळी खरोखर तिसऱ्या फेरीला गळायची.

त्या शर्यतीत आम्ही पहिल्यांदा घार पाहिली. हे नावही सासूबाईंनीच ठेवलं. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. चोवीस फेऱ्या मागे मागे, जणू या सगळ्याशी तिचा काही संबंधच नाही. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की मात्र झडप! टिटवी तोवर सगळ्यांना ओढत पुढे आणायची, बिचारी, आणि घार तिच्या अंगावरून निघून जायची. त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा माझ्या हातात एका गिऱ्हाइकाची कवळी होती आणि मशीन चालू होतं. "पळ, पळ, पळ!" असं मी ओरडत होते. शर्यत संपली तेव्हा टिटवी चौथी आली होती आणि त्या गृहस्थांचा सुळा पार सपाट झाला होता. नवीन बसवावा लागला.

ती कवळी ज्यांच्याकडून कामाला आली होती ते दातांचे डॉक्टर आमचे शेजारी. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. साचे द्यायला ते स्वतःच यायचे. कॉलेजात कधी तरी पळायचे म्हणे, आता पोट पळू देत नव्हतं. ते घारीचे भक्त निघाले.

"काकू, डोकं लागतं डोकं," ते कॉटशेजारच्या स्टुलावर बसून म्हणायचे. "तुमची टिटवी नुसती पाय मारते."

"तुमची घार दुसऱ्याच्या ताटातलं खाते," सासूबाई म्हणायच्या.

उन्हाळ्यात मोठी स्पर्धा झाली, वर्षातली सगळ्यात मोठी. तोवर सासूबाई काठी घेऊन घरात हिंडायला लागल्या होत्या, पण कॉट त्यांनी माझ्या खोलीतून हलवू दिली नाही. "ऊन चांगलं येतं," म्हणाल्या. भर उन्हाळ्यात! त्या दिवशी आम्ही दुपारचं जेवण आधीच उरकलं. टिटवीने पहिल्या फेरीपासून असा वेग धरला की निम्म्या जणी अर्ध्यातच लटकल्या. मी टेबल सोडून उभी, सासूबाई काठी आपटत. शेवटच्या दोनशे मीटरला चौघी उरल्या. पदकं तीन. आणि टिटवी चौथी. पुन्हा चौथी. तिसरीच्या आणि तिच्या मध्ये हातभर अंतर.

लगेच फोन वाजला. "काकू," डॉक्टर म्हणाले, "चौथी म्हणजे पहिल्या तिघींच्या पाठीचा फोटो काढणारी!"

"रॉंग नंबर," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी हसायला लागले. त्याही हसायला लागल्या. हसता हसता आम्हा दोघींचे डोळे भरून आले आणि का ते कोणी विचारलं नाही.

त्यानंतर टिटवी दिसेनाशी झाली. पायाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. रोज सकाळी चहाबरोबर सासूबाई विचारायच्या, "काही बातमी?" मी मोबाइल बघायचे आणि मान हलवायचे. शर्यती चालू होत्या, आम्ही बघतही होतो, पण लग्नाला जाऊन नवरीच न दिसावी तसं वाटायचं.

पाऊस ओसरून हवा गार झाली, आणि एक दिवस डॉक्टर साचे न घेताच आले. धापा टाकत होते.

"काकू, बातमी आहे. आपल्या शहराच्या मॅरेथॉनला घार येतेय!"

"येऊ दे. मला काय त्याचं?"

"टिटवीपण येतेय."

सासूबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. मी मशीन बंद केलं.

"पण," डॉक्टर जरा चाचरले, "पळायला नाही. म्हणजे पळायलाच, पण पेसर म्हणून. घारीसाठी वेग धरून द्यायचा. तिसाव्या किलोमीटरपर्यंत पुढे पळायचं आणि बाजूला व्हायचं. दुखापतीनंतर कोणी बोलवत नसेल, काय करणार? नियमाने पेसरला वाटलं तर शेवटपर्यंत पळता येतं, पण कोण पळतं? दम तिथेच संपतो."

मला वाटलं होतं त्या चिडतील. पण त्यांनी नुसता कप माझ्या हातात दिला. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या, "घारीची हमाली. आपली टिटवी. मी नाही येणार बघायला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर सासूबाई दारापाशी खुर्चीत तयार बसलेल्या. काठी हातात, स्वेटर अंगात, पर्स काखेत.

"आई?"

"हमाली करते म्हणून काय झालं? आपल्या माणसाला बघायला जायचं नाही? चल, आवर."

नवऱ्याने ड्यूटीवर जाता जाता त्याच्या बसमधून आम्हाला नदीच्या पुलापाशी सोडलं. तिसाव्या किलोमीटरची पाटी तिथेच होती. पुढे रस्ता पूल ओलांडून पलीकडच्या काठाने लांब वळसा घालायचा आणि दुसऱ्या पुलावरून परत याच काठाला यायचा. शेवटची रेषा आमच्यापासून गल्ल्यागल्ल्यांनी दोनेक किलोमीटरवर. सासूबाईंच्या गुडघ्याला ते झेपणारं नव्हतं. आम्हाला तशी गरजही नव्हती, आमची शर्यत तिसाव्यालाच संपणार होती.

कठड्याला टेकून उभ्या राहिलो. आधी मोटरसायकल, मग निळा दिवा फिरणारी गाडी, आणि मग ती. देवाशप्पथ सांगते, टीव्हीवर काहीच दिसत नाही! वेग दिसत नाही, आवाज येत नाही. बुटांचा तो चट चट आवाज, श्वासाची फुंकर, घामाने काळा पडलेला बनियन. टिटवी पुढे, तिच्या मागे घार आणि आणखी दोघी. टिटवी हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून आली.

"टिटवे!" सासूबाई ओरडल्या. अर्थातच तिला ते नाव माहीत नव्हतं.

पाटीपाशी ती डावीकडे झाली. वेग कमी केला. घार आणि त्या दोघी तिला ओलांडून पुढे गेल्या. संपलं, मी म्हटलं. एक बाई ब्लँकेट घेऊन तिच्याकडे निघालीसुद्धा होती. टिटवीने घड्याळाकडे पाहिलं, मग पुढे गेलेल्या तिघींच्या पाठीकडे पाहिलं, त्या बाईला हाताने 'नको' केलं आणि पुन्हा पळायला लागली.

"अगं!" सासूबाईंनी माझा दंड इतका जोरात धरला की दोन दिवस वळ होते. "ओझं उतरवलं गं तिने! आता मोकळी पळतेय!"

आता बघायचं कुठे? मोबाइल अडकत होता. समोर एक सलून उघडं होतं, आत भिंतीवर टीव्ही. आम्ही आत घुसलो. दोन गिऱ्हाइकं, एक तोंडाला फेस लावून, एक मानेला कापड बांधून. सलूनवाल्याने सासूबाईंना रिकामी खुर्ची दिली. टीव्हीवर टिटवी तिसरी झाली होती. थोड्या वेळाने दुसरी! पुढे फक्त घार, रस्त्यावरच्या दोन खांबांइतक्या अंतरावर. मी नखं खात उभी. आणि तेवढ्यात चित्र बदललं. पुरुषांची शर्यत शेवटच्या टप्प्यात आली होती. पुरुष, पुरुष, नुसते पुरुष.

"बायका दाखवा की!" सासूबाई टीव्हीला म्हणाल्या.

"आता हार घालेपर्यंत यांचंच चालणार," सलूनवाला म्हणाला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू जा."

"तुम्हाला एकटीला सोडून?"

"एकटी कुठे? हे तिघे आहेत की. जा तू, आणि तिथून फोन कर. मला सगळं सांग. काही गाळू नकोस. पळ!"

मी शाळा सुटल्यापासून पळाले नव्हते. बससाठीसुद्धा नाही, बस घरचीच. पण त्या दिवशी पळाले. फर्निचरच्या दुकानांची गल्ली, शाळेची भिंत, मग बाजाराच्या मागचा बोळ. पोटात कळ आली, घशात लोखंडाची चव आली. मनात एकच, तीस किलोमीटर दुसऱ्यासाठी पळून ती अजून पळतेय, मला दोन जमू नयेत? नदीकाठच्या रस्त्यावर पोलिसाने अडवलं.

"बाई, आता पलीकडे जाता येणार नाही. बायकांची शर्यत येतेय."

"तीच... माझी..." मला बोलवेना. "माझी पळतेय!"

"कोण? बहीण?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलल्यासारखं मला जराही वाटलं नाही.

त्याने दोर वर केला. मी पलीकडे जाऊन माणसांच्या कोपरांखालून घुसत घुसत कठडा गाठला आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल. आवाज स्पष्ट येतोय."

"आई, अजून आली नाही... थांबा. गाडी दिसतेय. आई, घार! घार पुढे!"

"आणि आपली?"

"दिसत नाही... दिसली! दिसली, आई! मागेच आहे. दहा पावलं. नाही, कमी!"

"श्वास कसा आहे?"

"तोंड उघडं आहे. पण खांदे खाली आहेत, आई. खांदे खाली!"

"मग येते ती," सासूबाई म्हणाल्या, आणि मग फोनवरून बाजूला, खणखणीत आवाजात, "खांदे खाली आहेत!" सलूनमधून कोणीतरी "शाब्बास!" म्हणाल्याचं मला ऐकू आलं.

"आई, जवळ आली! सहा पावलं! घारीने मागे बघितलं!"

"काय सांगतेस!"

"बघितलं! पुन्हा बघितलं! घाबरली, आई, घाबरली ती!"

त्या माझ्यासमोरून गेल्या. घारीचा चेहरा मी वर्षभर पाहिला होता, दगडासारखा. तो आता वेडावाकडा झाला होता, दात दिसत होते. टिटवीची मान अजून ताठ होती. सगळा रस्ता ओरडत होता, मी ओरडत होते, फोनमधून सासूबाई आणि तीन अनोळखी पुरुष ओरडत होते. चार पावलं. तीन. घारीने जीव खाऊन आणखी एकदा जोर लावला, आणि रेषा आली.

"सांग! सांग ना!"

"दुसरी," मी म्हटलं. "आई, दुसरी आली."

सासूबाई सलूनला म्हणाल्या, "दुसरी! हमाल म्हणून आणली होती आणि दुसरी आली!" आणि तिकडे असा गलका झाला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

रेषेपलीकडे घार रस्त्यावर बसली होती. टिटवी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती. मग घारीने हात वर केला, टिटवीने तो धरून तिला उठवलं आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून कितीतरी वेळ नुसत्या हलत होत्या. मला कोणीतरी पाण्याची बाटली दिली. मी रडत होते म्हणून असेल. तेवढ्यात डॉक्टरांचा मेसेज आला. "घार जिंकली. पण काकूंना सांगा, आज मी टिटवीसाठी ओरडलो." मी तो दोनदा वाचला.

परत जाताना मी चालत गेले, लंगडत म्हटलं तरी चालेल. सलूनमध्ये शिरले आणि दारातच थांबले. सासूबाई त्याच खुर्चीत बसलेल्या, मानेला पांढरं कापड. जन्मभर बांधलेला तो अंबाडा जमिनीवर पडला होता. केस मानेवर सुबक कापलेले. सलूनवाला मागे आरसा धरून उभा.

"आई! हे काय?"

"गिऱ्हाइकाची खुर्ची अडवून फुकट किती वेळ बसायचं?" त्या आरशात मान इकडून तिकडे वळवत म्हणाल्या. "आणि टीव्हीवर ती तिसरी झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, ही दुसरी आली तर कापायचे."

"आणि पहिली आली असती तर?"

"तर टक्कल," फेसवाला गृहस्थ म्हणाला. त्याची दाढी अजून अर्धीच झाली होती.

घरी आलो. नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा सासूबाई माझ्या टेबलापाशी, माझ्या खुर्चीत बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. मी कॉटवर आडवी पडले होते, पाय भिंतीला लावून. पोटऱ्या नुसत्या ठणकत होत्या.

"पाहुण्या कोण आल्यात?" त्याने मला दबक्या आवाजात विचारलं.

सासूबाई वळल्या. तो बघतच राहिला. मग हातातली पिशवी खाली ठेवून हळूच म्हणाला, "आई, तू एकदम तरुण दिसतेस."

"दिसणारच," त्या म्हणाल्या. "आता चहा टाक. आज आम्ही दोघी दमलोय."